न लावलेला हात

लाइट यायची तेव्हा येईल, बसा तोवर दिव्याजवळ. काशम्माचं घर अजून बंद का, म्हणून विचारत होता ना.

त्या दुपारी मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायला गेले होते, एवढंच. आमची भिंतीला भिंत. कुणाकडं कोण आलं-गेलं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"आलात व्हय चौकशीला?" काशम्मा खाटेवरून म्हणाली. "भाकरी आपली निमित्ताला."

पूर्वी ती दारात चिंच विकायची. महारोग झाला नि गिऱ्हाईक तुटलं. गोळ्यांनी रोग पार बरा झाला, तरी तराजू खिळ्यालाच लटकत राहिला. त्या दिवशी पाहिलं तर दोन्ही पारडी रिकामी, पण एक पार खाली गेलेलं. दोरी अडकली असेल म्हणून मी ते वर केलं. ते हळूच... परत खाली आलं.

"ऱ्हाऊ द्या. माझं काळीज तोलतंय ते."

"काय बोलता, काशम्मा..."

"माझ्या हाताला जाण न्हाय की. कुणी लावलेला हात कळत न्हाय मला. न लावलेला कळतोय. त्यो आत जाऊन बसतोय." मग आवाज खाली गेला. "सिद्धूचा लई जड हाय..."

सिद्धू तिचा लेक, मोहोळला असतो. यायचा, पण उंबऱ्याबाहेर उभा राहून जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आमच्यात, लिंगायतांत, मयताला बसवून नेतात, सजवलेल्या पालखीत; विमान म्हणतो आम्ही त्याला. तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं. तिची बोटं आत वळलेली, लिंग टिकेना. विधी करणारे अय्या म्हणाले, लेकानं खालून हात धरावा. सिद्धूनं खिशातून रबरी हातमोजे काढून घातले. त्यानं तसाच आईचा हात धरला आणि चौघांनी विमानाला खांदा दिला.

विमान हललं नाही. बाई चिपाडासारखी, तरी हललं नाही.

"दगुड भरलाय का काय," खांदा दिलेला बसप्पा पुटपुटला. आणखी दोघं लागले. बांबू करकरले. घरातून पारडं भिंतीला घासल्याचा आवाज आला.

मी सिद्धूच्या कानाशी गेले. "हातमोजा काढ, बाळा."

"मावशी... भ्या वाटतंय."

"ती कवाच बरी झालेली रे."

त्यानं एक हातमोजा ओढून काढला, तो अंगणातच पडला. उघडा हात आईच्या हाताखाली धरला. लिंग बसलं. आणि विमान असं वर आलं, की खांदेकऱ्यांचा तोल गेला.

माती देऊन आल्यावर मी तिच्या घराला कुलूप घालायला गेले. वाटलं, पारडी आता सरळ झाली असतील.

एक खालीच होतं. त्यात सिद्धूचा तो हातमोजा. आत कुणी आणून ठेवला, ठाऊक नाही. फुगलेला, बोटं तिच्यासारखी आत वळलेली.

वाऱ्यानं फुगला असेल, म्हणून मी उचलायला गेले.

उचलेना... आणि आत ऊब होती.