सलामीला गेलेला हात

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे घडलंय. माझे आजोबा बिसराम तेव्हा गावचे कोतवाल होते आणि त्या जागेपासून चार हातांवर उभे होते.

साल १९३४. तिकडे धानाच्या मुलखातल्या गोरेगावपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरलेली.

रात्र नव्हती... भर दुपार होती.

गावचा मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार, इंदरलाल. या माणसाबद्दल चांगलं लिहायला बसलो, तर एक ओळही भरणार नाही. भित्रा एवढा, की अंधार पडल्यावर परसात जायला दोन माणसं सोबत लागायची. बढाया मात्र वाघाच्या शिकारीच्या.

त्या दिवशी त्याच्या कमरेला एक फौजी रिव्हॉल्व्हर होतं. सहा गोळ्यांचं, जड, जुनं.

ते त्याचं नव्हतं.

ते उदाराम जमादाराचं. उदाराम आमच्याच गावचा. पहिल्या महायुद्धात तो फौजेतला जमादार म्हणून बसऱ्याकडे लढला. तिथे जखमी गोऱ्या साहेबाला पाठीवर घालून त्याने छावणीत आणलं. निरोपाच्या वेळी साहेबाने आपलं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं.

त्या उन्हाळ्यात उदाराम तापाने गेला. तेरावा व्हायच्या आधीच इंदरलाल त्याच्या दारात. विधवा धुरपताला म्हणाला, "बाईमाणसाच्या घरी हत्यार चालत नाई. आण, मी ठाण्यात जमा करतो."

जमा कुठलं करतोय! कमरेला लावून मिरवायला लागला.

मंडईत दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य, रंगली होती. ढोलकी वाजत होती. इंदरलाल खुर्ची टाकून पुढे बसलेला. कुणीतरी उदारामचं नाव काढलं.

झालं. हा उठला.

"जमादार म्हने! साहेबाचे बूट पुसले असतीन त्यानं!"

लोक हसले. मालगुजार बोलला की हसावंच लागायचं.

मग त्याने नक्कल केली. ढेरी आत ओढली, टाचा जुळवल्या, उजवा हात कपाळाला नेला.

"जी साब!"

पुन्हा हशा.

आणि तो हात... खाली आलाच नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, नक्कल चाललीय. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला. डाव्या हाताने तो उजवं मनगट ओढत होता. दोन गडी धावले, लोंबकळले. हात लोखंडासारखा.

ढोलकी थांबली.

मंडईत हजार माणसं. पण एक लेकरू रडेना...

आणि मग आजोबांनी ते ऐकलं.

बूट.

नाल ठोकलेले बूट. सावकाश. एक... दोन... एक... दोन...

इंदरलालच्या भोवती फिरत होते. धुळीत काहीच उमटत नव्हतं. परेडला साहेब शिपायाला न्याहाळतो, तसं कुणीतरी त्याला न्याहाळत होतं.

आवाज त्याच्या समोर येऊन थांबला.

कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आपोआप मागे गेला...

खट्.

वाघाची शिकार करणारा मालगुजार उभ्या उभ्या धोतरात मुतला.

तेवढ्यात धुरपता गर्दीतून पुढे आली. इंदरलालकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्या समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली,

"पुरे झालं जी. सोडा त्याले. एवढ्या मोलाचा नाई तो."

हात धप्पकन खाली पडला.

पुढे बारा वर्षं इंदरलाल जगला. पण त्या हाताने त्याला घासही उचलता आला नाही.

धुरपताने रिव्हॉल्व्हर त्याच्या कमरेतून काढलं आणि आजोबांच्या हातात दिलं. "कोतवाल, आता तरी हे ठाण्यात दे. मले घरी नोको."

आजोबा लगेच निघाले. धानाच्या बांध्यांमधली पायवाट, उन्हं कलती, वाटेवर चिटपाखरू नाही. रिव्हॉल्व्हर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं.

ठाण्यातल्या शिपायाने ते उघडून पाहिलं. आत गोळी नव्हती. चाप गंजून बसला होता. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी घोडा तसूभर हलेना.

"हे तं कधीचं जाम होऊन पडलंय," शिपाई म्हणाला.

आजोबांनी खरं सांगितलं असतं, तर त्यानेच हसून हाकललं असतं. त्यांनी नुसता अंगठा उमटवला आणि जायला वळले.

शिपाई खिडकीतून बाहेर पाहत होता.

"काऊन रे कोतवाल," तो म्हणाला, "तुझ्यासंगं आला तो फौजी बाहेर उन्हात काऊन उभा आहे? आत बोलाव की त्याले."

आजोबांनी दारातून पाहिलं.

अंगणात कुणीच नव्हतं...

"मग काय केलं?" मी दरवेळी विचारायचो.

आजोबा माझ्याकडे बघायचे नाहीत.

"दाराच्या बाजूले झालो," ते म्हणायचे. "आत यायले वाट दिली."