खिडकीतला तीळ

परतूरच्या वाचनालयात ते जाडजूड पुस्तक कुणी कधी मागितलंच नव्हतं. शाळेत नवा आलेला चित्रकलेचा मास्तर केशव एका दुपारी आला नि नेमकं तेच मागून बसला. वाचनालय सांभाळणाऱ्या शरयूनं पदरानंच त्यावरची धूळ पुसली.

तीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी उस्तादांनी पत्र्यावर सुईनं कोरून, तेजाबात बुडवून छापलेली चित्रं होती त्यात. रस्त्यात घावन तळणारी म्हातारी, भोवती ताटकळलेली माणसं... ही तर आपली ठेसनावरची भजीवाली चतुराबाईच की, शरयू म्हणाली. केशव हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्याही.

उजेड बघा, तो सांगायचा, तो काढलेला नाही. रेघ न मारता सोडलाय. शरयूला कीर्तन आठवायचं. बुवा अभंगाच्या मध्येच क्षणभर थांबतात, आणि त्या थांबण्यात देव येऊन बसतो — तसंच हे.

माघात शरयूच्या वडिलांनी, अप्पांनी, परभणीचं स्थळ आणलं. रविवारी पाहुणे येणार होते. शरयूनं मुद्दाम ते केशवच्या कानावर घातलं. तो नुसता "बरं" म्हणाला, आणि चार दिवस फिरकलाच नाही. तिचा जीव टांगणीला लागला.

शनिवारी तो औरंगाबादहून छापून आणलेला कागद घेऊन आला. वाचनालयाची अख्खी गल्ली होती त्यात. कापसाच्या गाड्या, पानवाला, उन्हात डुलक्या घेणारा टांगेवाला, सगळीकडे रेघांची दाटी. एक खिडकी तेवढी कोरी... आणि तिच्यात चार रेघांची मुलगी, गालावर टिंब.

"कोण ही?"

"कोणी न्हाई. अशीच... मनानं काढली."

"असेल. माझा तीळ डाव्या गालावर आहे, हिचा उजव्या."

"न्हाई हो, मी बराबर डाव्याच गालावर कोरला होता. छापताना सगळं उलटं येतं, घाईत ध्यानातच—"

केशवचे कान लालबुंद झाले.

शरयूनं ओठ दाबून हसू आवरलं. "मंग मास्तर, नुसती जागा सोडून बसणार, का काही विचारणार बी?"

"पण उद्या पाहुणे..."

"अप्पांनी मला विचारलंय, हो म्हणू का न्हाई. तुम्ही अजून विचारलंच न्हाई."

त्यानं कागद टेबलावर ठेवला. "शरयू... माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," ती म्हणाली, आणि कुलूप हातात घेतलं. "आता घरी चला. अप्पांना तुम्हीच सांगा. परभणीला तार करायचीय, अन् पोस्ट पाचला बंद होतं."