निळ्या ड्रमातलं पाणी

"थू! कडू!" शाकीबनं तोंडातलं पाणी मांडवाच्या खांबावर उडवलं.

नगमानं हातातला नळाचा पाइप टाकला आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन न्हाणीकडे पळाली. त्याला चुळा भरायला लावल्या, पुन्हा पुन्हा. परत येऊन ती ड्रमावर वाकली आणि नाक दाबून मागं सरली. सडक्या लसणासारखा उग्र वास होता.

उद्या किशोरच्या साधनाताईचं लग्न. अंजनगाव सुर्जीत वैशाखाचं ऊन आणि शाळेला सुट्ट्या, म्हणून ड्रम भरायचं काम किशोर आणि शेजारच्या नगमाकडे होतं.

"पेंटचा वास हाये रे पोट्टेहो," बिछायतवाले खुशालराव खुर्चीतूनच म्हणाले. मांडव, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज, ड्रम, सगळं त्यांच्याकडूनच आणलेलं. "कालच निळा ऑइलपेंट मारला. उद्या बर्फ टाकला की समजत बी नाही."

"पण रंग बाहेरून मारला. वास आतून येऊन राहिला," किशोर म्हणाला.

"लय शाना झाला का रे तू?"

किशोरनं वडिलांना, चंद्रभानना, गाठलं. ते आचाऱ्याशी वाद घालत होते. "खुशालरावले विचार. मले वेळ नाही," एवढंच उत्तर मिळालं.

मग त्यानं ड्रमाच्या बुडाशी नखानं रंग खरवडला. खाली अर्धवट फाटलेला कागद चिकटलेला होता. त्यावर एक भडक लाल त्रिकोण, टोक खाली.

नगमाची मोठी बहीण रुबीना बाजारात नेट कॅफे सांभाळायची. दोघं धावत तिथं गेले. शाकीबनं काय केलं हे ऐकताच तिनं आधी घरी फोन लावला. "अम्मी, त्याले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने." मग कॉम्प्युटरसमोरची खुर्ची किशोरपुढे सरकवली. "शोध. मी पाहून राहिली."

किशोरनं टाइप केलं, 'आमच्या घरी लग्न आहे आणि ड्रमातल्या पाण्याला वास येतो तर काय करावे'.

समोर मंगल कार्यालयांची जंत्री आली.

"नेटले लग्नपत्रिका देऊन राहिला का बे?" रुबीना म्हणाली. "कामाचे शब्द ठेव. बाकीचे काढ."

त्यानं सगळं खोडून फक्त 'लाल त्रिकोण' टाकलं. कुटुंब नियोजनाच्या जाहिराती आल्या. नगमा ओढणीत तोंड खुपसून हसली, किशोरचे कान लाल झाले.

"निशाणी बरोबर हाये. पण कायच्यावरची, ते कोण सांगन? आणि मराठीत कमी भेटते, इंग्रजीत टाक."

लसणाचा तो वास किशोरला कुठेतरी भेटला होता. कपाशीच्या वावरात, फवारणीच्या दिवसांत. त्यानं कीटकनाशकाचं इंग्रजी स्पेलिंग टाकलं. ते घरच्या बाटल्यांवर वाचून पाठ झालं होतं. पुढे लाल त्रिकोण, डबा. पडद्यावर तिरपे चौकोन उमटले, प्रत्येकाचा खालचा अर्धा भाग म्हणजे एक रंगीत त्रिकोण. हिरवा, निळा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष.

"धुतला तर चालते, हे पाय," नगमानं एका ओळीवर बोट ठेवलं. सोड्यानं धुवा, ड्रम नव्यासारखा!

"कोणं लिहिलं ते पाय आधी," रुबीना म्हणाली.

नगमानं पान खाली सरकवलं. जुने ड्रम विकणाऱ्याचं दुकान होतं ते. तिनं तोंड वाकडं केलं. पुढचं पान सरकारच्या शेती खात्याचं निघालं. कितीही धुतलं तरी अशा डब्यात पाणी किंवा अन्न ठेवू नये, तो भोकं पाडून निकामी करावा.

रुबीनानं ते पान छापून दिलं. तेवढ्यात अम्मीचा फोन आला. डॉक्टरांनी तपासलं होतं, पाणी पोटात गेलं नव्हतं. शाकीब बिस्किट मागत होता.

"कागद दाखवला तर खुशालकाका म्हणन, पोट्ट्यांले काय समजते," किशोर म्हणाला.

"मग त्यायलेच दाखवू दे," नगमा म्हणाली. "ड्रमातलं पाणी त्यायलेच प्याले देऊ. फक्त तू जवळ उभा राय. ओठाले लागायच्या आधी गिलास हिसकायचा."

मांडवात मोठी माणसं चहा पीत बसली होती. नगमानं निळ्या ड्रमातलं पाणी आणून अदबीनं पुढे केलं.

"खुशालकाका, पयला गिलास तुमचा."

"माही बाटली हाये ना माह्याजवळ."

"उद्या पाव्हण्यायले हेच पाणी ना? मंग तुमची बाटली काहून वेगळी?"

सगळे बघायला लागले. खुशालरावांनी गिलास घेतला, नाकाजवळ नेला. किशोर हात पुढे करून तयारच होता, पण गरज पडली नाही. खुशालरावांनी गिलास हळूच खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले.

किशोरनं छापलेला कागद वडिलांच्या हातात दिला.

"अकोल्याच्या भंगारातून घेतले," खुशालराव पुटपुटले. "कागद निघे ना, म्हणून रंग मारला. सारेच घेतात."

चंद्रभाननी कागद दोनदा वाचला. "गेल्या साली देवरावच्या पोरीच्या लग्नात अर्धी पंगत ओकत होती. तवाबी ड्रम तुमचेच. तुमी म्हणालात, ऊन लागलं."

 पार्वताबाईंना, किशोरच्या आईला, तिथं बसवेना. त्यांनी एकेक ड्रम मोरीकडे लोटून पालथा केला आणि प्रत्येकाच्या बुडात लोखंडी सब्बल मारून भोक पाडलं. मग हात साबणानं खसाखसा धुतले, पुन्हा पुन्हा वास घेतला आणि तेव्हाच नगमाच्या गालाला हात लावला. "माय वं, तुमी नसते तं माह्या पोरीच्या लग्नात काय झालं असतं."

"चुकलं माह्यं," चंद्रभान किशोरला म्हणाले. "तू आला तवा ऐकाले पाह्यजे होतं. शाबास." मग निरोप मिळून आलेल्या रुबीनाकडे वळले. "पोरी, तुह्या त्या नेटवर पाय ना, असे ड्रम अजून कोन्या मांडवात गेले ते."

"ते नेटवर नाही भेटत काका," रुबीना म्हणाली. "ते यायलेच विचारा लागते."

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं.  मग घोगऱ्या आवाजात त्यांनी ड्रम गेलेल्या पहिल्या गावाचं नाव घेतलं, आणि तिथं कळवायला किशोरनं फोन उचलला.