चादरीखालचा काका

माझं ज्याच्यावर प्रेम बसलं, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पांढऱ्या चादरीखाली होता.

भलतीसलती कल्पना करू नका. भर दुपार होती, दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि दोन हातांच्या अंतरावर बसून माझे बाबा कुणाचा तरी फॉर्म भरत होते.

आमचं फोटोचं दुकान व्हिसा कचेरीच्या बरोबर समोर आहे. मी फोटो काढते, बाबा फॉर्म भरून देतात. आपला देश सोडून इथे आलेली माणसं आधी आमच्याकडे येतात, मग समोर जातात आणि काहीतरी चुकलं की तोंड पाडून पुन्हा आमच्याकडे येतात. या धंद्यात तान्ह्या बाळाचा फोटो म्हणजे सत्त्वपरीक्षा. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, आणि फोटोत दुसऱ्या कुणाचं नखसुद्धा नको. पण बाळाला तर बसता येत नाही! म्हणून मोठ्या माणसाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्यावर पांढरी चादर घालायची आणि चादरीवर बाळ ठेवायचं. चादरीतून तो माणूस बाळाला धरून ठेवतो आणि फोटोत नुसती पांढरी भिंत दिसते.

त्या दिवशी एक वहिनी चार महिन्यांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. नवरा इथला नागरिक. वहिनींचा त्याची बायको म्हणून मिळालेला व्हिसा महिनाअखेरीस संपत होता आणि लेकीच्या नागरिकत्वाचा अर्जही त्याच फायलीत होता. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून बाळाला धरायला तिचा काका आला होता. बाळंतपणानंतर मदत करायला म्हणून तीन महिन्यांसाठी आलेला धाकटा दीर. मी कॅमेरा घेऊन येईपर्यंत वहिनींनी त्याला चादरीत गुंडाळूनही टाकलं होतं.

“हात आत घ्या,” मी म्हणाले.

“माझा की तिचा?” चादरीने विचारलं.

“तुमचा. तिचा राहू दे. अर्ज तिचा आहे.”

“आणि मी कोण, फर्निचर?”

“फर्निचर बोलत नाही.”

चादर गप्प झाली. मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि… बाळ खुदकन हसलं.

“अहो, तिला हसवू नका ना!”

“मी कुठे काय करतोय? माझ्या पोटात कावळे ओरडतायत, ते तिला ऐकू येतंय. सकाळपासून जेवलो नाहीये.”

वहिनी लाजून म्हणाल्या, “भावजी, सगळं सांगायलाच हवं का?”

पाऊण तासाने एक बरा फोटो मिळाला. चादर बाजूला झाली. आतून निघाला तो घामाघूम, केस उभे, चष्मा एकाच कानावर लोंबकळणारा. त्याने चष्मा सावरला, माझ्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिला.

“अच्छा,” तो म्हणाला, “इतका वेळ रागावत होत्या त्या तुम्ही होय?”

मला तो आवडला. तिथल्या तिथे. आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण असं करायचं नाही हे माझं ठरलेलं होतं.

त्याला कारण होतं. मी इथली नागरिक. त्यामुळे माझ्यावर भाळणाऱ्यांची आजवर कधी वानवा पडली नाही. एका महाशयांनी तर माझं नाव धड विचारायच्या आधी जोडीदाराच्या व्हिसाचा फॉर्म पुढे केला होता. माझ्या सहीची जागा सोडून बाकी सगळा भरलेला! तेव्हापासून मी कानाला खडा लावला. ज्याच्या पासपोर्टवर परतीची तारीख आहे, त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. या काकाच्या पासपोर्टवर होती. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची.

तिसऱ्याच दिवशी तो बाळाला कडेवर घेऊन दारात उभा.

“फोटो नाकारला. हसरी दिसते म्हणे. चेहरा तटस्थ हवा.” तो खुर्चीत टेकला. “चार महिन्यांची पोर हो, तिने कशाकशात तटस्थ राहायचं?”

दुसरा फोटो काढला. तोही परत आला… जावळाखाली एक कान झाकला गेला होता. बाबा गिऱ्हाइकांना कामावरून ओळखतात, त्यामुळे आता दारात त्याची सावली पडली की ते आत वळून हाक मारायचे, “अगं, चादर आली बघ!” आणि मी… मी आरशात बघून केस सारखे करायचे. कानाला लावलेला खडा कुठे घरंगळला होता देव जाणे.

तिसरा फोटो काढला तेव्हा बाळ शहाण्यासारखं वागलं. पण पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, तर बाळाच्या काखेशी चादरीच्या कडेतून एक अंगठा डोकावत होता. गुबगुबीत, स्पष्ट. आमच्याकडे फोटोत खाडाखोड चालत नाही, म्हणजे पुन्हा काढायला हवा होता.

मी काही बोलले नाही. छापला, कापला, पाकिटात घालून दिला. परत आला तर येईल, अजून एक फेरी होईल, एवढाच माझा विचार. खोटं कशाला बोलू?

फोटो परत आला आणि काकाही. पण या वेळी वहिनी सोबत होत्या आणि रडत होत्या.

“आता मंगळवारची शेवटची वेळ मिळालीये,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर महिनाभर तारीखच नाही. मंगळवारी फाइल घेतली नाही तर माझा व्हिसा संपेल. मला परत जाऊन तिकडून अर्ज करावा लागेल. आणि हिला तर अजून पासपोर्टच नाही, हिला नेणार कशी? अंगावरची पोर इथे टाकून जाऊ?”

बाबांचं पेन थांबलं.

“वहिनी,” मी म्हणाले, “तो अंगठा… मला दिसला होता.”

“दिसला होता? मग बोलली का नाहीस?”

तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“वहिनी, तिच्यावर चिडू नका. तो अंगठा मी मुद्दाम बाहेर काढला होता.”

वहिनींनी डोळे पुसले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

“दीडशहाणे आहात दोघंही!” त्या कडाडल्या. “तुम्हाला भेटायचं तर सरळ भेटा ना! माझ्या संसाराची कशाला वाट लावता? भावजी, बसा खुर्चीत. आणि तू, उचल तो कॅमेरा!”

तो मुकाट्याने चादरीत शिरला. मी मुकाट्याने कॅमेरा उचलला. कुणी हसेना, कुणी बोलेना, पोटातले कावळेसुद्धा गप्प. बाळाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कपाळाला बारीकशी आठी घालून एखाद्या साहेबासारखं गंभीर झालं. पहिल्याच झटक्यात फोटो आला. दोन कान, दोन डोळे, तोंड मिटलेलं. मी तो चार वेळा तपासला, मग बाबांनी भिंगातून तपासला.

मंगळवारी मी दुकान बाबांवर सोपवून रस्ता ओलांडला. दुकानात बसवलंच नसतं मला. वहिनी बाळाला घेऊन खिडकीशी गेल्या आणि आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो, मध्ये बाळाच्या दुधाची पिशवी ठेवून.

“परवा जातोय मी,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“तुम्हाला एक विचारायचं होतं. पण ते मी शुक्रवारी विचारेन.”

“शुक्रवारी तर तुम्ही तिकडे असाल.”

“म्हणूनच.” तो चष्मा पुसू लागला. “तुमच्या बाबांनी मला त्या फॉर्मवाल्याची गोष्ट सांगितली. आज विचारलं, तर तुमच्या मनात कुठेतरी येईलच… हाही कागदासाठीच आला. म्हणून माझा व्हिसा संपू दे, मी माझ्या घरी पोचू दे. मग फोन करतो. तेव्हा नाही म्हणालात तरी चालेल. पण खोटा समजू नका.”

इतकी वर्षं मी येईल त्याच्याकडे पुरावे मागत बसले होते, आणि हा माणूस माझा संशय फिटावा म्हणून सातासमुद्रापार जाऊन प्रश्न विचारणार होता!

“आणि मीच आत्ता विचारलं तर?” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“मला तर कुठला कागद नकोय ना? मग माझ्यावर कोण संशय घेणार? माझ्याशी लग्न कराल?”

त्याच्या हातातला चष्मा पिशवीत पडला. त्याने तोंड उघडलं… आणि तेवढ्यात वहिनी धावत आल्या.

“घेतली! फाइल घेतली! दोन्ही अर्ज घेतले!” त्यांनी बाळ त्याच्या हातात कोंबलं आणि मला घट्ट मिठी मारली. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “अहो भावजी, असे पुतळ्यासारखे काय बसलात?”

“वहिनी, एक मिनिट. मला हिला उत्तर द्यायचंय.” ‘हिला’ म्हणाला! तो चष्म्याविनाच माझ्याकडे वळला. “हो. हजारदा हो. पण गुरुवारी मी जाणारच. नियम म्हणजे नियम.”

“जा की. मी येते तुमच्या मागोमाग.”

“तुला आमच्याकडे यायला व्हिसा लागेल.”

“काढेन. बाबा फॉर्म भरतील.”

“आणि प्रवासाचं कारण विचारतात, तिथे काय लिहिणार?”

“खरं तेच लिहिणार,” मी म्हणाले. “नवऱ्याला आणायला.”