पलीकडचं टोक

दिवा असू दे, पण बारीक कर, डोळ्यांवर येतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कोणी दात काढले तर मी सरळ उठून झोपायला जाईन.

माझा साडू डोकेदुखीची गोळी आणायला गेला होता. मागच्या वर्षी, सात ऑगस्टला, संध्याकाळी सव्वासहा वाजता. सुट्टीला म्हणून तिघं समुद्रावर गेली आणि तीन दिवस नुसता पाऊस. मेहुणी खोलीत डोकं धरून पडलेली. सात वर्षांच्या पोरीने बापाला भंडावून सोडलं, तेव्हा तो तिला घेऊन जुन्या बोटींच्या संग्रहालयात गेला. पूर्वी तिथे बोटी बांधायच्या. लांबलचक शेड, आत एक म्हातारा कारागीर दोर वळून दाखवायचा. सुतळीचं एक टोक चाकाला, दुसरं कोणाच्या तरी हातात. इकडे चाक फिरणार, म्हातारा सुतळी सोडत जाणार, तिकडे टोक धरणाऱ्याने ताण ठेवत मागे मागे चालायचं. पोरगी हरखून गेली. टोक काही सोडेना.

"खुशाल जाऊन या," कारागीर म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय?"

औषधांचं दुकान समोरच होतं. जाऊन यायला फार तर दहा मिनिटं. साडू तसा बोलघेवडा माणूस, एकदा सुरू झाला की गप्प बसवावं लागतं. पण इथून पुढचं सांगताना तो अडखळतो.

परत आला तर लाइट गेलेली. चाक फिरत होतं. करकर... करकर. म्हाताऱ्याची नजर पिळावर. दोर ताणलेला. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत... आणि मागच्या दारातून बाहेर.

"पोरगी कुठाय?"

"काय चेष्टा करताय? तुमच्याजवळच तर..." म्हाताऱ्याने मान वर केली. चाक थांबलं.

मागच्या दाराबाहेर उतार होता, बोटी पाण्यात सोडायचा. साडू धावला. भरती आलेली. पोरगी कमरेएवढ्या पाण्यात. पाठ समुद्राकडे. दोन्ही हातांत दोर घट्ट. आणि एक पाऊल... मागे.

"बाळा, थांब!"

ती थांबली. बापाकडे पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं.

मागे काही नव्हतं. पाणी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही... तिकडे?"

उचलून आणली तिला. म्हातारा दारापर्यंत धावत आला होता. "तुमचाच आवाज होता हो," तो म्हणाला. "'अजून सोडा, अजून सोडा.' म्हणून मी सोडत गेलो."

पोरगी आता धड आहे. पण दुसऱ्या खोलीतून बापाने हाक मारली की ओ देत नाही. आधी येऊन त्याचं तोंड बघते. मला त्या बापाचं फार वाईट वाटतं रे.

थांबा, संपलं नाही.

म्हाताऱ्याने दोर आत ओढायला घेतला. पोरीच्या हातात टोक होतं ना? शेवटचं टोक. पण दोर येतच राहिला. तिने धरला होता त्याच्याही पुढे... आणखी चार हात.

म्हाताऱ्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग आपल्या दोरावरून फिरवला.

"माझ्या चाकाचा पीळ उजवा," शेवटी म्हणाला.

तो चार हात दोर डावा वळलेला होता. आणि नुकताच.