बाहुलीचं माप

घानातल्या कुमासी शहरात, बांटामा बाजारामागे माझं शिवणकामाचं दुकान आहे. चोवीस वर्षं बायकांची मापं घेतेय. बाई खोटं बोलेल, टेप बोलत नाही.

माझी धाकटी बहीण पोकुआ. तिची मुलगी दुफिए तेव्हा दहा वर्षांची होती, हाडापेराने दणकट, कुटलेल्या कसाव्याच्या फुफूचा मोठा गोळा एकटी संपवणारी. नाताळाआधी हॅम्बुर्गच्या आत्याने तिला बाहुली पाठवली. दोन बोटांत मावेल एवढी कंबर, लांबच लांब पाय, टाचा कायम उचललेल्या. दुफिएने हट्ट धरला म्हणून दोघींना मी एकाच कापडाचे झगे शिवले. चर्चमधल्या पोरींनी दोघींना शेजारी धरून पाहिलं. "ही मुसळ आणि तू उखळ," एक म्हणाली. त्या दिवसापासून दुफिए अर्ध्या ताटावरून उठायला लागली.

"मावशी, माझी कंबर कुठे आहे गं?" तिने एकदा विचारलं.

"पोटभर जेवणाऱ्या पोरीची असते तिथेच."

ती हसली नाही.

डिसेंबरात कंबर पंचवीस इंच होती. जानेवारीअखेर बावीस. मार्चमध्ये एकोणीस. पोकुआने घाबरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा वजन केलं. चौतीस किलो, डिसेंबरात होतं तेवढंच. टेप चुकत असेल, ते म्हणाले. मी नवी टेप आणली. कंबर अठरा भरली.

तोवर दुफिए चवड्यांवर चालायला लागली होती. टाचा टेकव म्हटलं, तर म्हणाली, टेकत नाहीत.

एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दुफिए चटईवर झोपली होती. बाहुली खिडकीत होती. तिचा झगा कमरेपाशी फाटला होता. शिवणीचे दोरे बाहेरच्या बाजूला तुटले होते, आतून कोणी रेटल्यासारखे.

मी बाहुली उचलली. हाताला जड लागली.

पोकुआला न सांगता तिला दुकानात आणलं. मोठा झगा शिवून घातला आणि कपाटात ठेवलं. झगा का शिवला, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी दुफिएने शेंगदाण्याच्या सुपाबरोबर फुफू मागून घेतला. आठवड्याभरात टाचा टेकल्या. जूनमध्ये पंचवीस इंच.

आता ती पंधराची आहे. अंगाने भरलीय, शाळेच्या संघात धावते. बाहुलीचं नावही काढत नाही.

मी मात्र दर वर्षी एक माप वाढवून झगा शिवते. एका वर्षी टाळला, तर आठ दिवसांत दुफिएचा शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला. मी त्याच दुपारी मशीनवर बसले.

काल पुन्हा माप घ्यायचं होतं. दार लावून बाहुली टेबलावर उभी केली आणि टेप तिच्या पाठीमागून नेली.

तिने हात वर केले.