शोकाकुलांच्या यादीत

आमच्या डाळ मिलमध्ये बिननादाचा माणूस शोधून सापडणार नाही. व्यवस्थापक सुकदेवभाऊ पंचावन्न वर्षांचे झाले, पण कुठं कुस्त्यांची दंगल लागली की रजा टाकून पळतात. वजनकाट्यावरचा दीपक मोबाइलवर रील बनवतो आणि ट्रकवाल्यांना धरून धरून दाखवतो. निवडणीच्या बायकांवरची मुकादम भिकुबाई न बोलावता कोणाच्याही हळदीला जाते आणि गाणी म्हणून येते. डबा खाताना याच गोष्टींवरून एकमेकांची टर उडवणं चाललेलं असतं. मग कोणीतरी मला विचारायचं, "प्रेमराजभाऊ, तुम्हाला काहीच कसा नाद नाही हो?" मी म्हणायचो, तुरीतून डोकं वर काढायला फुरसत कुठं आहे.

ही शुद्ध थाप होती. मला नाद होता, अकरा वर्षांपासून होता आणि तो सांगण्यासारखा नव्हता.

मी शोकपत्रिका जमवायचो.

आमच्याकडं माणूस गेला की दशक्रिया आणि गंधमुक्तीचं आमंत्रण छापून पाठवतात. वर फोटो, खाली 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की', आणि त्याच्या खाली शोकाकुल परिवाराची लांबलचक यादी: मुलं, सुना, पुतणे, जावई, नातवंडं, शेवटी आप्तेष्ट. ही पत्रिका उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेर उभ्यानं वाचायची, तिथंच फाडून टाकायची आणि हात धुऊन आत जायचं. मिलला जामनेरपासून सोनगीरपर्यंतचे शेतकरी माल घालतात, त्यामुळं आमच्या फाटकावरच्या पेटीत महिन्याला तीन-चार तरी येतातच. सकाळी सगळ्यात आधी मी येतो. पेटी मी उघडतो. "जामनेरचे अमुक गेले, मंगळवारी दशक्रिया," एवढं मी सुकदेवभाऊंना तोंडी सांगायचो. त्यांना वाटायचं, पत्रिका मी फाडली. ती माझ्या पिशवीत असायची.

का जमवायचो, तर मला ती यादी आवडायची. एक आख्खं घर अर्ध्या पानावर शहाण्यासारखं ओळीनं उभं असतं. भांडलेले भाऊ शेजारी शेजारी, तुटलेली सोयरीकही जागच्या जागी. आली त्या दिवशी मी पत्रिका एकदा नीट वाचायचो, प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवायचो आणि माळ्यावरच्या पेटीत ठेवून द्यायचो. पुन्हा कधी काढायचो नाही. चारशे बारा झाल्या होत्या. बायकोला वाटायचं, पेटीत मिलचे जुने कागद आहेत.

मी अंधश्रद्धेचा माणूस नाही, हे आधीच सांगतो. बावीस वर्षं मी मालाची प्रत बघतोय. ओलावा किती टक्के, तुकडा किती, खडा किती, हे यंत्रावर दिसेल तेवढंच मी मानतो.

घरात एकच काळजी होती, किरणच्या लग्नाची. माझी एकुलती एक मुलगी. पहिल्या स्थळाच्या वेळी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलाचे काका गेले. दुसऱ्या वेळी सोनगीरचा माझा चुलतभाऊ गेला, आम्हाला सुतक लागलं, मुलाची रजा संपली आणि ते लोक बदलले. आता चाळीसगावचा शिक्षक मुलगा ठरला होता. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठव्या दिवशी लग्न. किरण वरून हसायची, पण फोन वाजला की तिचा चेहरा उतरायचा. मला ते बघवत नव्हतं.

मार्चमध्ये एकदा जेवायला बसल्यावर दीपकनं डबाच उघडला नाही. घरी उंदरांनी अल्बम कुरतडला होता. वडिलांचा, वनाआबांचा, एकही फोटो उरला नव्हता. "गंधमुक्तीच्या पत्रिकेवर चांगला होता," तो म्हणाला, "पण ती कोण ठेवतंय?" आणि पोरगा सगळ्यांसमोर रडला.

वनाआबा जामनेरहून तूर घालायचे. त्यांची पत्रिका माझ्याकडं होती, सात वर्षांपूर्वीची. रात्रभर मला काही सुचलं नाही. अकरा वर्षं झाकलेलं उघडं करायचं की पोराला तसंच रडू द्यायचं? दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन गेलो आणि डब्यांच्या मध्ये ठेवलं. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच सांगून टाकलं. पेटी, आकडा, सगळं.

कोणी हसलं नाही. सुकदेवभाऊ जेवण अर्धवट टाकून उठले आणि नळावर जाऊन हात धुऊ लागले. कितीतरी वेळ धुत होते. भिकुबाईनं आपली भाकरी पदराखाली ओढून घेतली.

"भाऊ, तुम्ही हाई बठ्ठं घरमा ठेवतस?"

"कागदच आहेत भिकुबाई."

"मंग तुमना घरनं सुतक फिटी कसं?"

मला राग आला. काहीतरी सुनावणार होतो, तेवढ्यात दीपक म्हणाला, "भाऊ, आमच्या आबांच्या पत्रिकेत तुमचं नाव कसं काय?"

पुतण्यांच्या ओळीत तिसरं नाव होतं. प्रेमराज तोताराम महाजन.

"असेल कोणी तुमच्या भाऊबंदात," मी म्हणालो.

"आम्ही बाविस्कर आहोत भाऊ. आमच्यात महाजन कुठून येणार?"

छापखान्याची चूक, असं म्हणून मी विषय मिटवला. तुरीचे दाणे बघायचं भिंग माझ्या खिशात असतं, ते लावून पाहिलं. शाई तीच, अक्षरांचं वळण तेच. दोन नावांच्या मध्ये दाटीवाटीनं घुसवल्यासारखं काही नव्हतं. पहिल्यापासून तिथंच असावं तसं ते नाव बसलं होतं.

त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी घरी आलो आणि माळ्यावरची पेटी उतरवली. भर दुपार होती, बायको आणि किरण शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. सर्वांत वरची पत्रिका दोन आठवड्यांपूर्वीची. आप्तेष्टांमध्ये, अगदी शेवटी, माझं नाव. मला बरंच वाटलं म्हणायचं, कारण ते कसंही समजावून सांगता आलं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रिकांत मी जावयांच्या ओळीत होतो. पाच वर्षांपूर्वीच्या, पुतण्यांत. खाली खाली जात राहिलो तसं माझं नाव वर वर सरकत गेलं. पेटीच्या तळाशी माझी पहिली पत्रिका होती. सोनगीरच्या कुणा म्हातारीची, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात मुलांच्या ओळीत पहिलं नाव माझं होतं.

ही पत्रिका आली त्या दिवशी मी शब्द न् शब्द वाचली होती. माझं नाव असतं तर मला दिसलं नसतं?

मी पेटी लावून टाकली. दुसऱ्या दिवसापासून डब्याला कोणी माझ्याजवळ बसेना. दीपकनं वडिलांच्या फोटोचा फोटो काढून घेतला आणि पत्रिका चिमटीत धरून परत आणून दिली. चारेक दिवसांनी भिकुबाई माझ्या टेबलापाशी आली आणि दोन हात लांब उभी राहिली.

"पोरनं लगीन शे ना भाऊ?"

"आहे."

"मंग फाडी टाका. बठ्ठा फाडी टाका अन गिरणामा सोडी द्या. चारशे घरनं सुतक त्या पोरनी काय म्हनीसन वागाडानं?"

फाडून गिरणा नदीत सोडायला मी हो म्हटलं नाही, पण चारशे घरांचं सुतक पोरीनं का वाहायचं, हा तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात बायकोची मावशी दवाखान्यात गेली, आणि रात्री किरण आईला म्हणाली, "या वेळी मोडलं ना, तर पुन्हा कोणाला दाखवू नका मला." मी भिंतीपलीकडून ऐकलं. तिथंच ठरवलं.

रविवारी सकाळी मायलेकी लग्नाचा बस्ता फाडायला, कापडखरेदीला, चाळीसगावला गेल्या. मी दार लावून पेटी उघडली. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, हवेत ओल म्हणून नाही, आणि पत्रिका दमट होत्या. आमच्या मिलच्या मापानं चौदा-पंधरा टक्के ओलावा सहज निघाला असता. फाडताना कागदाचा टरटर आवाज येत नव्हता. नुसतं सुटं होत होतं. आणि बोटांना शाई लागत होती, फक्त एकाच ओळीची. अंगठ्यावर उलट्या अक्षरांत 'प्रेमराज' उमटायचं, मी फडक्याला पुसायचो, पुढच्या पत्रिकेला परत उमटायचं.

चारशे बारा वेळा मी ते नाव फाडलं.

शेवटी शेवटी अंगातून काहीतरी कमी होतंय असं वाटत होतं. भूक असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पोतं मोटारसायकलला बांधून गिरणेच्या पुलाखाली गेलो. पात्रात वाळू, मध्ये एक डबकं. त्यात ओतलं. तुकडे वाहिले नाहीत, फिरलेही नाहीत. पडले तिथंच खाली बसले.

घरी आलो तेव्हा पाच वाजत होते. दार उघडं होतं, पलंगावर साड्यांचा ढीग. मायलेकी परत आल्या होत्या. मला पाहून बायकोनं पदर डोक्यावर घेतला.

"या ना भाऊ," ती म्हणाली. "बसा. किरण, पाणी आण गं."

मला वाटलं, थट्टा करतेय. बस्ता मनासारखा झाला असेल, खुशीत असेल.

किरणनं तांब्या आणि पेला आणला. ताटलीत ठेवून. घरच्या माणसाला आम्ही ताटलीत पाणी देत नाही.

"पत्रिका आल्या का छापून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"आत्ताच आल्या. बरं झालं तुम्ही आलात, मिलमधली पहिली तुम्हालाच." बायकोनं पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या आणि ती दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

'चि. सौ. कां. किरण. कै. तोताराम महाजन यांची नात.'

बाप कोण ते लिहिलंच नव्हतं. आजोबा होते, नंतर थेट नात होती. जागा सुटलेली नव्हती. तारीख तीच, आखाजीनंतरचा आठवा दिवस. खाली निमंत्रकांत माझे भाऊ, पुतणे, मेहुणे. सगळ्यात शेवटी, स्नेही मंडळींमध्ये, प्रेमराजभाऊ, डाळ मिल.

"काही चुकलंय का हो?" बायकोनं काळजीनं विचारलं. "तीनदा वाचून दिली होती."

मी तिच्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षांचा संसार होता आमचा. तिच्या डोळ्यांत मी शोधत होतो ते काही नव्हतं. पाहुण्याला द्यायचा तेवढा मान होता.

किरण वाकून पाया पडली. "काका, मावशीआजी पण बरी झाली. आज घरी सोडलं." किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला होता.

तोंडाशी आलं होतं. किरण, मी बाप आहे तुझा. हाताला धरून हलवावं, भिंतीवरचे फोटो दाखवावेत, ओरडावं.

आणि मी परत या घरचा झालो, माझ्याबरोबर ते सुतकही आत आलं तर?

भिंतीकडं मी पाहिलंच नाही. धीर झाला नाही.

"काहीच चुकलं नाही," मी म्हणालो. "छान झालीय."

पत्रिका खिशात घालून मी उठलो. दारात चपला घालायला बराच वेळ लागला. बायको उंबऱ्यापर्यंत आली होती.

"उन्हाचं आलात, चहासुद्धा घेतला नाही," ती म्हणाली. "लांब जायचंय का भाऊ तुम्हाला?"